उभी गाडी

ओतूर,
८ फेब्रुवारी २००४

चि. धम्मपाल यास,
सप्रेम जयभीम वि. वि.

फोनवर तुझा आवाज ऐकला की आईला रडू येतं आणि बोलायचं राहून जातं. म्हणून लिहिते.

काल निरगुडसरला आई-आप्पांकडं गेले होते. बटाटा निघाला. आप्पांचा गुडघा आहे तसाच. तुझा मस्कतचा फोटो पोचला. त्यात तू मला चांगला सुटलेला दिसतोस, आईला वाळलेला.

गाडी मात्र बिघडली आहे. सुरू होते, थरथरते, मध्येच बंद पडते. दोन वर्षांपूर्वी सुट्टीत ती घेतलीस आणि जाताना सांगून गेलास की रोज थोडा वेळ सुरू करा, म्हणजे बॅटरी उतरणार नाही. आप्पांनी एक दिवस चुकवलेला नाही. दिवेलागणीला दोघं अंगणातल्या गाडीत जाऊन बसतात. आप्पा किल्ली फिरवतात. आई शेजारी, पिशवी मांडीवर घेऊन. काचा वर. जरा वेळानं गाडी बंद करून दोघं घरात येतात. कुठं जाऊन आलात, असं मी विचारलं तर आई म्हणाली, मंचरला. आप्पा हसले नाहीत.

पेट्रोल आणायला आप्पा मंचरच्या पंपावर गेले होते. तिथला माणूस म्हणतो, इंजेक्टरमध्ये कचरा साचला असंल, साफ करायच्या औषधाची बाटली टाकीत ओता. आप्पा तुला विचारल्याशिवाय ओतणार नाहीत. अशा बाटलीनं खरंच काही होतं, की ते नुसतं विकायचं निमित्त, हे तिथं कुणा जाणत्याला विचारून कळव. वैशाखात तू येशील तेव्हा गाडी बंद दिसू नये, एवढंच त्यांचं म्हणणं आहे.

जेवत जा. माया आहे ती राहू दे.

तुझी ताई,
ज्योत्स्ना


मस्कत,
२९ फेब्रुवारी २००४

ती. ताईस,
सविनय जयभीम वि. वि.

आमच्या कॅम्पमध्ये वर्कशॉपचा एक केरळी फोरमन राहतो. त्याला विचारलं. तो म्हणाला, इंजेक्टर ही पेट्रोलचा फवारा सोडणारी बारीक तोटी. तिच्या तोंडाशी मळ धरला की फवारा नीट पडत नाही. चांगल्या पेट्रोलमध्ये मळ धुणारं औषध थोडं मिसळलेलंच असतं, त्यामुळं रोज चालणाऱ्या गाडीला बाटलीची फारशी गरज नसते. मळ थोडा असेल तर बाटली उपयोगी पडते, पण गाडी लांब चालली तर. उभ्या गाडीत ती नुसती टाकीत पडून राहते. रोज सुरू करून लगेच बंद करणं हे सगळ्यात वाईट. इंजिन पुरतं तापत नाही आणि मळ साचत जातो. एवढं सांगून त्यानं विचारलं, हे करायला त्यांना सांगितलं कुणी.

तरी बाटली टाकू दे आप्पांना. रोज सुरू करू नका, हे त्यांना कसं सांगायचं ते मला सुचत नाही. मग ते दोघं संध्याकाळी कुठं बसतील?

आणखी एक. वैशाखात मी येत नाही. कंपनीनं करार दोन वर्षांनी वाढवला. रजा पुढच्या वर्षी. माझी सही झाली. घरी आताच बोलू नकोस. मी सांगेन.

काम सुटलं की कॅम्पच्या भिंतीला टेकून बसतो. समोरून गाड्या जात असतात. एकीचाही आवाज ओळखीचा नसतो.

रागावलीस तरी पत्र थांबवू नकोस.

तुझा,
धम्मा


ओतूर,
२८ मार्च २००४

चि. धम्मपाल यास,
जयभीम वि. वि.

बाटली टाकली. ओतण्याआधी आप्पांनी ती आईला हुंगायला दिली. आई म्हणाली, रॉकेल हाय, दुसरं काय न्हाई. फरक काही पडला नाही. मग मंचरहून भगवंत मेकॅनिकला घरी आणलं. तोही तुझ्या फोरमनसारखंच बोलला. गाडी रस्त्यावर काढा, लांब पळवा. नाहीच सुधारली तर इंजेक्टर उतरवून साफ करतो, पण पुन्हा उभी ठेवाल तर पुन्हा तेच होईल.

मला लायसन मिळालं आहे. तुला सांगितलं नव्हतं, तू हसला असतास. मी चालवते म्हटलं तर आप्पा म्हणाले, त्याची गाडी हाय, तोच काढील. आणि मला दुसरी बाटली आणायला सांगितली. आणली. तीही टाकीत पडून आहे.

आईनं तुझ्यासाठी गोधडी शिवायला घेतली आहे. माप घ्यायला मला उभं केलं आणि वर एक वीत जास्त धरली. मी गेले की ती फाटकाशी येऊन विचारते, तारीख कळली का. मी पाणी मागते. धम्मा, हे आता मला जमत नाही. तू लिही, आणि स्वतः लिही. गाडीचंही लिही. माझं ते ऐकणार नाहीत. तू हो म्हटलंस तरच गाडी फाटकाबाहेर पडेल.

रागावले आहे. तरी तुझीच,
ताई


निरगुडसर,
९ मे २००४

चि. धम्मपाल यास,
आई-आप्पांचा जयभीम आणि आशीर्वाद.

तुझं पत्र बुद्धपौर्णिमेच्या आधी पोचलं. तुझ्या आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, आणखी एकदा वाचा. दुसऱ्यांदाही तेच निघालं. त्या दिवशी आम्ही गाडीत बसलो नाही.

पौर्णिमेला विहारात वंदना झाल्यावर ज्योत्स्ना म्हणाली, चला. तू लिहिलं होतंस म्हणून मी किल्ली दिली. चालवणाऱ्याची सीट तू ठेवलीस तशीच मागं सरकवलेली होती. मी इतके दिवस तिच्या काठावर बसून गाडी सुरू केली, पण सीट हलवली नाही. ज्योत्स्नाचे पाय पोचेनात. मला सरकव म्हणवेना. शेवटी तुझी आई म्हणाली, "सरकव पोरी म्होरं. त्यो काय तितं बसलाय व्हय?"

मंचरपर्यंत गाडीनं लई आचके दिले. कांद्याचे ट्रक मागून हॉर्न वाजवत होते. ज्योत्स्ना घामानं भिजली. नारायणगावच्या पुढं इंजिन तापलं आणि आवाज एकसारखा झाला. आळेफाट्यावरून ओतूरला गेलो, रस प्यालो, माघारी आलो. एकदाही बंद पडली नाही. बाटलीनं झालं की चालल्यानं, असं भगवंतला विचारलं. तो म्हणाला, बाटलीला थोडं श्रेय द्या, पण आता तिसरी आणू नका, गाडी चालवा.

गाडी ज्योत्स्नाकडं ओतूरला ठेवली आहे. ती रविवारी घेऊन येते. बाकीचे दिवस अंगण मोकळं असतं. तुझी आई तिथं मिरच्या वाळत घालते. दिवेलागणीला काय करावं ते मला अजून कळत नाही. फाटकापर्यंत जाऊन येतो.

येताना तुझ्या आईनं ज्योत्स्नाला विचारलं, ही मुंबईला पोचंल का. ज्योत्स्ना म्हणाली, पोचेल. म्हणून कळवतो. पुढच्या वर्षी विमानाचा दिवस ठरला की आधी लिही. घरापर्यंत एकट्यानं यायचं नाही. ज्योत्स्ना गाडी आणील. आम्ही दोघं मागं बसू. तिच्या शेजारची जागा रिकामी आणू.

आमची आठवण काढत जा, आम्ही तुझी काढतोच.

तुझे आप्पा,
भागुजी