उरलंसुरलं

४ जून

आजपासून रोजनिशी. वही नवी, पेन नवं, घर नवं, नवरा नवा. त्यातला नवरा फक्त मला नवा, तसा एकदा संसार करून झालेला. पण ऑफिसात लोकांची पत्रं टाइप करता करता चाळिशी गाठलेल्या बाईला कोराकरकरीत नवरा कुठून मिळणार? स्थळ आलं तेव्हा मावशीने बजावलं होतं की जिवंत सवत परवडली, मेलेली नको, जिवंतशी निदान भांडता येतं. मी म्हटलं, बघू.

घर मात्र मनापासून आवडलं. पुढच्या खोलीत ह्यांचं दुकान. लोकांचे बिघडलेले संगणक पोट उघडं टाकून टेबलावर पडलेले असतात आणि हे त्यांच्यातली धूळ फुंकत बसतात. मग मधली खोली, तिथे खिडकीखाली घरचा संगणक. मागे स्वयंपाकघर आणि त्याला लागून पोरीची खोली. हे बोलतात कमी, पण पहिला चहा स्वतः करून दिला. मी कप दोन्ही हातांत धरून बराच वेळ बसले.

पोरगी सात वर्षांची. हे तिला खारूताई म्हणतात, कारण दिसेल ते बटण ती खिशात भरते आणि चालली की खुळखुळते. वरचे पुढचे दोन दात पडलेले. तिने मला नखशिखांत न्याहाळलं आणि काकू म्हणाली. म्हणू दे. आई म्हणायला लावते की नाही बघाच.

७ जून

दुकानाची पत्रं टाइप करायचं काम आता माझ्याकडे. सकाळी संगणक सुरू केला आणि पडद्यावर ह्यांची पहिली बायको हजर. ती शिवणकाम करायची, कापड बेतायचा कसला तरी प्रोग्राम तिने ह्यात टाकून घेतलेला. तो आपणहून उघडतो. गुलाबी चौकट, कात्रीचं चित्र, सुप्रभात, खाली तिचं नाव, आणि आज काय शिवायचं असा प्रश्न. बाईला जाऊन दोन वर्षं झाली. मी ह्या घरात पाऊल टाकलं तेव्हा मला कुणी सुप्रभात म्हटलं नव्हतं.

समोरच्या काकू येऊन बसल्या. पहिली अशी होती, पहिली तशी होती, तिच्या हातात जादू होती. आजारपणात अंथरुणावर बसून तिने म्हणे पोरीचे पुढच्या वर्षांचे फ्रॉकसुद्धा शिवून ठेवले. मापं त्या प्रोग्रामने अंदाजाने काढून दिली, पार सोळाव्या वर्षापर्यंतची. पोरीचं कपाट उघडून बघितलं, खरंच वर्षवार घड्या. म्हणजे पुढची नऊ वर्षं ही बाई माझ्या घरात दर वाढदिवसाला येणार. काकूंना चहा दिला, साखर घातली नाही.

१० जून

हे एका गिऱ्हाइकाचा संगणक साफ करत होते, मलाही शेजारी बसवलं. म्हणाले, प्रोग्रामला कंट्रोल पॅनेलमधून जा म्हटलं की तो भाडेकरूसारखा जातो, सामान नेतो पण भिंतीतले खिळे तसेच. फोल्डर राहतात, रजिस्ट्रीत, म्हणजे संगणकाच्या वहीत, नोंदी राहतात, सकाळी आपोआप उठायची सवय राहते. म्हणून प्रोग्राम काढून टाकायला हे दुसऱ्याच कंपनीचा अनइन्स्टॉलर वापरतात. तो आधी प्रोग्रामला त्याच्या वाटेने जाऊ देतो, मग त्याचं नाव घेऊन कानाकोपरा धुंडाळतो आणि उरलंसुरलं समोर आणून मांडतो. मात्र डोळे मिटून सगळं निवडायचं नाही, कारण एखादी फाइल दोघांची असते.

आणि हात लावण्याआधी रिस्टोअर पॉइंट करायचा. काही बिनसलं तर संगणक त्या दिवसावर मागे नेता येतो. त्या दिवशी होतं ते परत येतं, नंतर आलेलं जातं. घरच्या संगणकावर ह्यांनी तसा एकच ठेवलाय, लग्नाच्या आदल्या दिवशीचा. नवी बाई काय घोळ घालेल सांगता येत नाही, म्हणाले. आम्ही दोघंही हसलो. ह्यांना हसताना मी पहिल्यांदाच पाहिलं.

१३ जून

काल पहिलीला कंट्रोल पॅनेलमधून रीतसर निरोप दिला. ह्यांना विचारलं नाही. आज सकाळी पुन्हा सुप्रभात आणि पुन्हा तिचं नाव. कुत्र्याचं शेपूट. तळपायाची आग मस्तकात गेली.

त्यात पोरीने वेणी घालू दिली नाही. आई अशी ओढायची नाही म्हणाली आणि कंगवा घेऊन समोरच्या काकूंकडे गेली.

१४ जून

हे बाहेर गेल्यावर ह्यांचा तो दुसरा अनइन्स्टॉलर उघडला आणि पहिलीच्या प्रोग्रामचं नाव टाकलं. अर्ध्या कपाचा चहा होईस्तोवर शोधत होता. मग जी यादी आली ती संपता संपेना. फोल्डर, चित्रं, नोंदी, आणि तळाशी पोरीची मापं, वर्षवार. रिस्टोअर पॉइंट करायचा का, असं विचारलं. म्हटलं, कशाला? पुन्हा बोलवायची आहे का तिला? काही गोष्टी आणखी कुणाच्या तरी आहेत, तरीही काढायच्या? हो. सगळ्यांना हो.

शेवटी एक ओळ आली की काही फाइली सध्या वापरात आहेत, संगणक पुन्हा सुरू होईल तेव्हा एकेक करून जातील. जाऊ देत सावकाश. सुंठेवाचून खोकला गेला. फार दिवसांनी गुणगुणत भांडी घासली.

१५ जून

सकाळी गुलाबी चौकट नाही, कात्री नाही, काही नाही. स्वच्छ निळा पडदा. आज कुणाचंच नाव नव्हतं म्हणून मीच मला सुप्रभात म्हटलं.

१७ जून

पोरीच्या कपाटातली वरची चळत सुटली आहे. सोळाव्या वर्षाचा फ्रॉक, पंधराव्याचा, चौदाव्याचा. फाटले नाहीत, उसवलेही नाहीत. शिवणच नाही. कापडाचे तुकडे आहेत, घडी तशीच, सुईचं एक भोकसुद्धा नाही. उंदीर असता तर कुरतडलं असतं. ह्यांना दाखवलं तर म्हणाले, कापड तुझंच असेल, तूच आणलं असशील.

१९ जून

समोरच्या काकूंनी आज सांगितलं की ह्या घरात बाई आली ते बरं झालं, बिचारा इतकी वर्षं एकट्याने काढत होता. मी म्हटलं, एकटे कसे, पहिली होती ना. कोण पहिली, म्हणाल्या.

खरं सांगते, आधी आनंद झाला. घरी येऊन ह्यांना आडून आडून विचारलं. हे म्हणाले, माझं हे पहिलंच लग्न, मावशीने सांगितलं नव्हतं का? भिंतीवर तिचा फोटो होता तिथे खिळासुद्धा नाही. इतकं साफ पुसून कुणी जात नाही. नुसतं मरून तर नाहीच.

पोरगी मला आई म्हणाली. मला हवं होतं तेच, पण ऐकून अंगावर काटा आला. तिला विचारलं, तुझी आधीची आई कशी वेणी घालायची? ती हसली. तुझ्याआधी कुठे कोण होतं, म्हणाली. मी मोरीत जाऊन रडले.

२१ जून

आज शेवटचा मोठा फ्रॉक गेला, आठव्या वर्षाचा. आता कपाटात फक्त तिच्या अंगाचे उरले.

शाळेतून पोरगी दप्तर घेऊन परत आली. मी तशीच पदर खोचून गेले. बाईंनी हजेरी दाखवली. त्यात तिचं नाव नाही, आधीच्या वर्षीही नव्हतं. मी त्यांच्याशी भांडले, जोरात भांडले. त्या घाबरल्या, पण नाव काही आलं नाही.

२२ जून

तिचे पुढचे दोन दात परत आले. नवे नव्हेत, दुधाचेच, छोटे. बुटांची नाडी बांधता येईना. काल बांधत होती. फ्रॉक गुडघ्याखाली लोंबतोय.

दरवाजाशी उभी राहिले आणि सगळं लख्ख उमगलं. संगणक सुरू झाला की एक फाइल जाते, कधी दिवसातून दोनदा. एक फाइल म्हणजे एक वर्ष. सोळावं, पंधरावं, चौदावं करत खाली, आज सातवं. मी तेव्हा हो म्हटलं. सगळ्यांना हो म्हटलं. करायला गेले एक —

आता संगणक बंद करू द्यायचा नाही. चालूच ठेवायचा.

२३ जून

पोरीला जवळ घेऊन संगणकासमोर बसून आहे. हे आले आणि म्हणाले, हे पोर कुणाचं? मी म्हटलं, तुमचं. ह्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की तसं मला आजवर कुणी पाहिलेलं नाही. लग्नाआधीचं पाप माझ्या गळ्यात बांधतेस, म्हणाले. म्हणूनच वय झालं तरी बिनलग्नाची होतीस. नेऊन सोड कुठे सोडायचं ते, नाहीतर दोघी बाहेर व्हा.

पोरगी माझ्यामागे लपली. तिने ह्यांना बाबा म्हटलं आणि ह्यांनी हात उगारला. मारलं नाही. पण तिने पाहिलं.

मग संगणक हळू चालतो म्हणून ह्यांनीच बंद करून सुरू केला. मी हात धरला, ह्यांनी ढकललं. दोनदा सुरू केला. दोनदा —

ती आता चार वर्षांची असेल.

२४ जून, सकाळ

बोबडं बोलते. खिसे रिकामे, बटणं ओळखत नाही. तोंडात घालायला गेली, मी काढून घेतली. ह्यांनी पहाटेच एकदा सुरू केला होता. मला डोळा लागला. माझा मेला डोळा लागला.

काढलेली फाइल परत मिळते का, सगळं करून पाहिलं. नाही. ते हत्यारच तसं, काही शिल्लक ठेवत नाही. म्हणून तर हे ते वापरतात.

२४ जून, दुपार

ह्यांनी आणखी दोनदा सुरू केला. आता चालत नाही. मांडीवर आहे, चादरीत गुंडाळलेली.

एकच वाट. लग्नाच्या आदल्या दिवशीचा तो रिस्टोअर पॉइंट. आहे, अजून आहे. निवडला तर संगणकाने विचारलं, काय काय येईल-जाईल ते बघायचं का? बघितलं. येणार त्यात पहिलीचा प्रोग्राम, तिची चित्रं, पोरीची मापं सोळाव्या वर्षापर्यंत. जाणार त्यात माझा टाइपिंगचा प्रोग्राम, माझी पत्रं. आणि शेवटी नुसतं माझं नाव. प्रोग्राम नाही, फाइल नाही. नाव.

तेव्हा होतं ते परत येतं, नंतर आलेलं जातं. मीच हसले होते.

हे बाजारात गेलेत. येताना कुणाला तरी घेऊन येणार आहेत, पोरीला न्यायला. आणि आले की आधी संगणक बंद करतील. आता एकच वर्ष उरलंय.

मला मरायचं नाही. स्पष्ट लिहिते. मला आत्ता कुठे घर मिळालं होतं. चाळीस वर्षांनी कुणी चहा करून दिला होता. त्या मेलीला काय, ती गेलेलीच आहे, तिने का परत यायचं आणि मी का —

पोरीने माझं बोट धरलंय. सोडत नाही.

२४ जून, नंतर

दाबलं.

पट्टी हळू सरकते आहे. हात थांबत नाही म्हणून लिहिते. ही वहीसुद्धा मीच आणलेली, तीही जाईल, तरी लिहिते. वेणी घालताना ओढायचं नाही, आधी खालची गाठ सोडवायची. बटणं रागवून काढून घ्यायची नाहीत. तिला —

पलंगाखालची माझी पेटी नाही.

मांडी हलकी झाली. घाबरले — पण ती खाली उतरली आहे, उभी आहे. चालते आहे.

दारातल्या माझ्या चपला नाहीत. चहाचा कप एकच.

कपाट वाजलं. पिवळा फ्रॉक, बरोब्बर अंगाचा. पुढचे दात नाहीत. हसली. केवढी छान —

भिंतीवर फोटो. पहिली. बघ बाई, जशीच्या तशी ठेवली तुझी पोर.

हे आले. एकटेच. खारूताई अशी हाक मारली ह्यांनी. ती खुळखुळत पळाली.

परत आली. खुर्चीकडे बघते आहे, माझ्याकडे, माझ्यातून पलीकडे. बाबांना विचारते आहे, संगणक कोणी चालू ठेवला. बाबा म्हणाले कुणी नाही. मी ठेवला गं. मी. मी तुझी —