खुडूक

१ तारीख, सोमवार

पोचले. घर छान आहे. दोन खोल्या, स्वयंपाकघर, मागे अंगण, अंगणात खुराडं, खुराड्यात नऊ कोंबड्या. मालकीणबाई सहा महिने मुलीकडे राहणार आहेत. तोवर घर आणि कोंबड्या माझ्याकडे.

आई गेल्यापासून सकाळी उठायचं कोणासाठी, हा प्रश्न होता. तो सुटला.

धाकटीला फोन केला. म्हणाली, ताई, जन्मभर आईचं पथ्य सांभाळलंस, आता कोंबड्यांचं सांभाळ. निदान भाजी अळणी म्हणून त्या ताट सरकवणार नाहीत. खूप दिवसांनी दोघी हसलो. रविवारी, अठ्ठावीसला येते म्हणाली.

२ तारीख, मंगळवार

मालकीणबाईंनी वही ठेवली आहे. अक्षर टपोरं. सकाळी भरड, दुपारी पालेभाजीची देठं, कवच घट्ट व्हावं म्हणून शिंपल्यांचा चुरा वेगळ्या वाटीत. पाणी रोज नवं. लोळायला माती आणि चाळलेली राख, म्हणजे उवा राहत नाहीत. जंताचं औषध तीन महिन्यांनी पाण्यातून, पुढचं कधी तेही लिहिलं आहे.

तांबड्या किड्यांवर अख्खं पान आहे. दिवसा फटींत लपतात, अंधारात रक्त पितात. संध्याकाळी बसायच्या दांडीखालून पांढरं फडकं फिरवायचं. तांबडी रेघ उठली तर समजावं, आहेत.

फिरवलं. फडकं पांढरं राहिलं. उगाच शाबासकी मिळाल्यासारखं वाटलं.

४ तारीख, गुरुवार

भरड आणायला गेले. दुकानदार बोलका आहे. माझ्याआधी इथे एक बाई होत्या. हाताला चांगल्या, पण एकाएकी दुकानात यायच्या थांबल्या. त्याने मालकीणबाईंना विचारलं तर म्हणाल्या, बसली. एवढंच. तुम्ही तरी टिका, तो म्हणाला, नऊ कोंबड्यांचं गिऱ्हाईक आहे माझं.

दिवसभरात बोलले ते याच्याशीच.

६ तारीख, शनिवार

नऊतली करडी कोंबडी खुडूक होऊन उबवायला बसली आहे. खोक्यातून उठत नाही, खात नाही, हात नेला की फुगते आणि टोचते. तुरा फिका पडला आहे. बसलेली कोंबडी राखेत लोळत नाही, म्हणून किडे आधी तिलाच धरतात. हे वहीत आहे.

तिच्याखाली खरं अंडंही नाही. कोंबड्यांना जागा कळावी म्हणून ठेवलेलं चुन्याचं खोटं अंडं आहे. वहीत लिहिलंय: खुडूक उठवायला दोघी लागतात. एकीने कोंबडी धरावी, दुसरीने अंडं काढून लगेच राखेत पुरावं. घरात आणू नये.

दुसरी कुठून आणू? आणि चुन्याच्या अंड्याचा एवढा सोहळा कशाला? एकटीनेच काढलं, ओच्यात टाकलं. करडी उठली, अंग झाडलं, पोटभर पाणी प्यायली.

ओच्यातलं विसरले. जेवताना आठवलं. अजून गरम होतं.

७ तारीख, रविवार

आज जरा उशिरा उठले. अंडं उशाशी ठेवलं होतं, गार पडलेलं नाही. हातात बरं वाटतं. आईचे हात शेवटी शेवटी असे गरम असायचे.

खिडकीशी खुर्चीत बसले, मांडीत अंडं. बसल्या बसल्या दुपार झाली. देठं टाकायची राहिली.

१० तारीख, बुधवार

धाकटीचा फोन. दिवसभर काय करतेस? म्हटलं, बसते. ताई, तूच खुडूक झालीस की काय, म्हणाली आणि हसली. मीही हसायला गेले.

हसू आलं नाही. दुसराच काहीतरी आवाज आला, घशातून, बारीक. तिला खोकला वाटला.

१३ तारीख, शनिवार

आज अंडं पुरायचं ठरवलं. अंगणापर्यंत गेले. राख उकरली. अंडं ठेवलं. दोन पावलं मागे आले आणि पोटात असं काही ओढलं की—

पुन्हा खुर्चीत, अंडं मांडीत. अंग राखेने माखलं आहे.

भरडीचं पोतं फाडून खुराड्यात ओतलं. त्या त्यांचं बघतील.

१७ तारीख, बुधवार

भूक नाही. मांड्यांवर, पाठीवर बारीक तांबडे ठिपके. खाजतात. आरशात पाहिलं. ओठ करडीच्या तेव्हाच्या तुऱ्यासारखे फिके.

संध्याकाळी खुर्चीखालून पांढरं फडकं फिरवलं.

तांबडी रेघ.

२० तारीख, शनिवार

दुकानदार म्हणाला होता, बसली. मी ‘गेली’ असं ऐकलं होतं बहुतेक. माझंच चार तारखेचं पान काढून पाहिलं. बसली, असंच आहे.

खुर्चीच्या फटीत केस आहेत. लांब, पांढरे. माझे नाहीत.

२३ तारीख

फोन आतल्या खोलीत वाजतो आहे. दहा पावलं. मोजली, बसूनच.

उठवायला दोघी लागतात. मी एकटी.

२५

कोंबड्या दारात येऊन उभ्या राहतात. नऊच्या नऊ. आवाज करत नाहीत. करडी सगळ्यांत पुढे. तुरा लालबुंद.

२७

आज एकविसावा दिवस. अंडं फुटायचा.

आत काहीतरी टकटक करतं आहे. चुन्याच्या आत. कानाशी धरलं नाही. धरायची गरज नाही, मांडीला कळतं.

भीती वाटायला हवी. वाटते ती एकाच गोष्टीची, कुणी काढून नेईल.

२८

फाटक वाजलं. धाकटी. ताई, ताई, म्हणत येते आहे. आली. आता दोघी आहोत. ती धरेल, उठवेल, मी—

ओ दिली. ती ओ नव्हती.

ती दारात थांबली. रडते आहे. काय गं झालं तुला, म्हणते. हात पुढे करते आहे. माझ्या मांडीकडे.

हात घालू नकोस गं. बाळे, हात मागे घे, माझ्याने थांबवत ना—