हललेले छत्तीस फोटो

४ नोव्हेंबर

ती. मामांस, सा. न. वि. वि.

तुम्ही पाठवलेल्या डब्यात आईच्या शेवटच्या रोलच्या निगेटिव्ह सापडल्या. छत्तीसच्या छत्तीस फोटो हललेले! एकात तर बाबांना दोन नाकं आहेत. पण काळजी नको. कॉम्प्युटरवर सगळे ताळ्यावर आणलेत, आता बाबांच्या मिशीचा केस न् केस मोजून घ्या. त्यांच्या पंचाहत्तरीला अल्बम करून देणार आहे. आई गेल्यापासून ते हो-नाहीच्या पुढे जात नाहीत. एकदा तरी त्यांनी भरभरून बोलावं, एवढंच मला हवंय. तुमच्या डार्करूममध्ये तुम्ही नाक मुरडत असाल, ते मला इथून दिसतंय.

लोभ आहेच, तो आटू देऊ नये.
तुमची घाईताई

१३ नोव्हेंबर

चि. घाईताईस अनेक आशीर्वाद.

नाक मुरडलं नाही, पण जीव कासावीस झाला. तो रोल मीच धुतला होता. फोटो बघून तुझ्या आईला चांगलं फैलावर घेतलं, की वीस वर्षं शिकवलं आणि अजून हात स्थिर राहत नाही? ती हसली आणि कॅमेऱ्यावर ढकलून मोकळी झाली. मी वेडा, कॅमेरा उघडून तपासत बसलो. त्यात काही खोट नव्हती. दोन महिन्यांनी मला तिच्या दुखण्याचं कळलं. आजारी बहिणीला मी रागावलो, हे आजवर कुणाला सांगितलेलं नाही. तुझ्या कॉम्प्युटरवर माझा राग नाही. पण फोटोत जे हललंय तो तिचा हात आहे, पोरी. तो पुसू नकोस.

डोळ्यांनी अधू, मायेने धडधाकट,
मामा

२६ नोव्हेंबर

ती. मामांस, सा. न.

नावाला जागले. तुमचं पत्र येण्याआधीच अल्बम देऊन बसले होते. बाबांनी सगळी पानं उलटली, छान आहे म्हणाले, आणि विचारलं की हे काढले कुणी? मला रडूच आलं.

तुमचं पत्र वाचलं आणि हललेले फोटो होते तसे छापून आणले. पहिलाच हातात घेऊन बाबा म्हणाले, हिला सांगत होतो, बसून काढ, पण ऐकेल तर शपथ. मग जेवण निवून गेलं तरी बोलतच होते. दुखणं त्या दोघांना तेव्हाच माहीत होतं. तेव्हापासून बाबा तिच्याशी फार जपून बोलायचे, त्याला ती कंटाळली होती. तुम्ही रागावलात त्या दिवशी ती हसतच घरी आली. भाऊ अजून पूर्वीसारखा ओरडतो, म्हणजे मी अजून बरी दिसते, असं म्हणाली.

आता माझ्यावरही एकदा ओरडा.
तुमचीच,
घाईताई