गोलमागची रिकामी खुर्ची

पवनी,
बुधवार, १० जानेवारी १९७९

तीर्थस्वरूप केशवराव भाऊजींच्या चरणी (उजव्या गुडघ्याला धक्का न लागू देता) भोजराजचा साष्टांग नमस्कार. इकडे सर्व खुशाल आहेत, म्हणजे मी सोडून सर्व. थंडीत तुमचा गुडघा कसा आहे? दुकानावर ट्रकचे टायर तुम्ही स्वतः उचलत नसाल अशी आशा करतो. आमच्या गिरजाबाईचा खोकला गेला का? तिला सांगावे, भावाची काळजी करू नको. आणि असे सांगूनही तिने केली तर तिला अडवू नये, कारण काळजी करण्यासारखेच आहे. धान घरात आले. धान निघालेल्या बांधीत लाखोळीचे पीक फुलावर आहे. हे पत्र लाखनीकडे निघालेल्या श्रावणच्या ट्रकवर पाठवतो आहे, पोस्टाने नाही. पोस्टावर माझा विश्वास आहे, पण रविवार फार जवळ आला आहे. अक्षर वेडेवाकडे दिसले तर थंडीमुळे असे समजू नये. ती भीती आहे.

तुम्ही क्लबची गोलकी सोडून लाखनीला पंक्चरचे दुकान टाकलेत, त्यानंतर इकडे काय झाले ते तुटक तुटक ऐकले असेलच. क्लब पुंडलिकरावांचा. बॉल त्यांचा, जर्सी त्यांच्या, सागवानी गोलपोस्ट त्यांचे, आणि खेळणारे पोरगे त्यांच्याच राइस मिलमधले. मागच्या वर्षी त्यांचे जावई सेंटर फॉरवर्डला उतरले आणि रिकाम्या गोलसमोरून त्यांनी बॉल गावाच्या जुन्या परकोटावर मारला. तेव्हा आम्ही बघणारे काही बोललो. (काय बोललो ते लिहीत नाही, पत्र गिरजाबाई वाचेल.) जावयाचा अपमान झाला म्हणून पुंडलिकरावांनी त्याच दुपारी पोस्ट उपटून नेले आणि त्यांची गोठ्याला चौकट केली. मिलच्या पोरांना तंबी मिळाली, मैदानावर दिसाल तर कामावर दिसणार नाही. क्लब संपला. उरलो फक्त आम्ही, कडेला उभे राहून ओरडणारे.

आता ओरडणाऱ्यांनी गुपचूप घरी बसावे की नाही? पण दर रविवारी आम्ही रिकाम्या मैदानाच्या कडेला जाऊन उभे राहू लागलो. कोणावर ओरडावे ते समजेना, म्हणून एकमेकांवर ओरडू लागलो. शेवटी भय्याजींच्या किराणा दुकानात बैठक बसली आणि ठरले की क्लब आपणच काढू. कोणी बांबू दिले, त्यांचे पोस्ट झाले. मी दुकानातला न खपलेला जांभळा फुलाफुलांचा तागा दिला, त्याच्या जर्सी झाल्या. (फुले जरा मोठी आहेत. लांबून पाहिले तर अकरा पडदे धावत आहेत असे वाटते.) एका जुन्या बॉलचे ब्लॅडर तुम्हीच जोडून पाठवले होते. आणि मासे धरणाऱ्या कवडूने आपले जाळे गोलला बांधायला दिले, फक्त दिवस मावळायच्या आत ते सोडून नदीवर न्यायचे, एवढ्या अटीवर.

मग प्रश्न आला की खेळणार कोण. भय्याजी तराजू पुसत शांतपणे म्हणाले, "त्यात का इचारायचं हाय? जो ज्याले शिव्या देत होता, तो त्याच्या जागी खेळन." सगळ्यांना ते न्यायाचे वाटले. आणि सगळ्या दुकानाने एकदम माझ्याकडे पाहिले.

भाऊजी, तुम्हाला सांगायला नको. घरी तुम्ही जावई, तुमचे पाय धुवायचे, पाटावर बसवून पहिली पोळी तुम्हाला वाढायची. आणि मैदानावर गोलमागे उभे राहून त्याच पायांचा उद्धार करायचा. दोन्ही कामे मी वर्षानुवर्षे मन लावून केली. (तो भंडाऱ्याच्या मॅचमधला गोल मात्र अडवता येत होता. यावर मी आजही ठाम आहे.) एकदा मला ताप होता म्हणून मी आलो नाही, आणि तुम्ही हरून घरी जेवायला बसलात. पोळी मोडता मोडता म्हणालात, "आज मागं तुह्या आवाज नोयता गा, म्हून गोल झाला." मला राग आला होता. गोल स्वतः खाल्ला आणि बोल माझ्या तापाला, असे वाटले होते.

तर सध्या मी गोलकीपर आहे. चाळिशी उलटलेला, गादीवर बसून कापड मोजणारा माणूस गोलकीपर आहे. मागून पाहिले की तो गोल घराच्या दारासारखा वाटायचा, वाटायचे हात पसरले की झाले. आत उभे राहिले की तो वैनगंगेच्या पात्राएवढा होतो. सरावाच्या पहिल्या दिवशी कवडूने नुसता बघू म्हणून एक बॉल मारला. तो मी अडवला, म्हणजे पोटाने अडवला, आणि बॉल व मी असे दोघेही जाळ्यात गेलो. माझी बटणे आणि एक कान जाळ्यात अडकले. कवडूला नदीवर जायची घाई. त्याने मला मांडीवर घेऊन रोजच्या सवयीने सोडवले, आणि सोडवल्यावर, तेही सवयीनेच असावे, हातावर तोलून पाहिले. त्या दिवसापासून आमची सौ. रत्ना मला ओसरीतच आंघोळ करायला लावते, कारण अंगाला वास येतो.

इथपर्यंत हसण्यासारखे आहे. आता भीतीचे लिहितो. पुंडलिकरावांना ते मैदान मिलचे उकडलेले धान वाळवायला पाहिजे. गावातली मोठी माणसे म्हणतात, क्लब खेळतो आहे तोवर मैदान क्लबचे. म्हणून पुंडलिकराव चौकात सगळ्यांसमोर बोलले की जवाहरनगरच्या दारूगोळा कारखान्याच्या क्वार्टरमधली टीम बोलवा, आणि पाचच्या आत गोल खाऊन दाखवा. हरा, हरकत नाही, पण पाच खाल्ले तर हा क्लब नाही, तमाशा आहे, आणि सोमवारी तिथे माझे धान पसरेल. भय्याजी तापट. "मंजूर!" म्हणून मोकळे झाले. मॅच या रविवारी, ऐन संक्रांतीला. म्हणजे भाऊजी, मैदान जाणार की राहणार हे भय्याजींवर नाही, कवडूवर नाही, माझ्या या दोन हातांवर आहे.

जवाहरनगरच्या सेंटर फॉरवर्डला तिकडे तोफ म्हणतात. आपला ईश्वर तिकडे भाजी घेऊन जातो, तो रोज नवी बातमी आणतो. सोमवारी म्हणाला, तोफेच्या बॉलने चिंचेच्या चिंचा पडल्या. मंगळवारी म्हणाला, फांदी पडली. आज मी त्याला पाहून दुकानाची फळी लावून घेतली. मला ताप आला असेही मी कळवून पाहिले. तर भय्याजी आणि सगळी टीम घरी आली, खाटेभोवती बसली आणि ताप उतरेपर्यंत चहा पीत राहिली. साखर संपली तेव्हा मला उठावेच लागले. रत्नाने मारुतीला नारळ बोलला आहे, पण कशासाठी ते सांगत नाही. मी डोळे मिटले की बॉल येतो. उघडले तरी येतो.

असो. थोरांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद, आणि हे पत्र वाचून होईपर्यंत मी शाबूत असेन असे धरून चालावे.

आपला मेहुणा,
भोजराज

ता. क. संक्रांतीला गिरजाबाईला माहेरी आणावे अशी रत्नाची फार इच्छा आहे. शनिवारच्या एस.टी.ने यावे. सहज सांगतो, गोलकीपरची जर्सी मी तुमच्याच मापाची शिवून घेतली आहे. मला ती ढगळ होते. रविवारी सकाळी घालून बघायला काय हरकत आहे? आणि घातलीच तर जरा वेळ गोलमध्ये उभे राहायला?

ता. क. २. वरचे रत्नाने वाचले. म्हणाली, "ज्याले उठता-बसता येत नाही त्या मानसाले तोफेपुढं उभं करता? गिरजाबाईनं मले इचारलं त मी का सांगू?" तिचे बरोबर आहे. जर्सीचे विसरावे.

ता. क. ३. पत्र बंद केले होते, सरावाहून येऊन पुन्हा उघडले. आज कवडूचा एक बॉल माझ्या बगलेखालून गेला आणि मागे कोणीच काही बोलले नाही. मी वळून पाहिले. गोलमागे माणूस नाही. असणार कुठून? ओरडणारे सगळे अकरांत आले, समोर धावत आहेत, आणि उरलेले पुंडलिकरावांच्या भीतीने घरी बसतात. मागे नुसती लाखोळी हलत होती. तोफेची भीती वेगळी आणि ही वेगळी, भाऊजी. ही पाठीतून येते. तुम्ही पोळी मोडता मोडता काय म्हणाला होतात ते मला तिथे उभे राहून समजले.

तेव्हा खेळू नका. फक्त या. गुडघ्याला गरम कपडा बांधून गोलमागे बसा आणि मला शिव्या द्या. मी तुम्हाला दिलेल्या सगळ्या तुम्हाला पाठ असतीलच, त्याच द्या, एकही गाळू नका. नाते बघू नका. चौथा गोल झाला तर जरा मोठ्याने द्या. दुकानातली हातांची खुर्ची मी आत्ताच गोलमागे नेऊन ठेवली आहे. ती रिकामी दिसली की मला फार भीती वाटते.