काचेआडचं पदक

हॅनोव्हर, अमेरिका

प्रिय सुमितदादा,

एकोणिसाव्या शतकातल्या ज्या अमेरिकन पदकशिल्पकारावर मी इथे संशोधन करते, त्याची पदकं संग्रहालयात काचेआड असतात, हे समजू शकते. पण त्याच्या पद्धतीने मी घडवून घरी पाठवलेलं, आईचा चेहरा उठावात असलेलं पदक तू शोकेसमध्ये का ठेवलंस? बाबांना दिसत नाही, ते बोटांनी तिचा चेहरा पाहणार होते! तर तुझं म्हणणं, "हात लागून काळं पडेल." पडू दे ना!

घरी आलेलं प्रत्येक पत्र बाबा कुणाकडून तरी वाचून घेतात, म्हणून हे पाठवत नाही. पदक घरी येऊन काचेआड बंद आहे, हे त्यांना कळायला नको. दुसरं पदक घडवायला घेतलंय. ते मी स्वतः आणेन.

काल त्यांनी फोनवर विचारलं, "झालं का गं पदक?"

"अजून नाही, बाबा."

"सावकाश कर. नाक मात्र तिचंच येऊ दे."

चिडलेली,
इरा