तळाचा नमुना

२३ मे, शनिवार, दुपार

प्रिय मामा,

नमस्कार. मामींच्या गुडघ्याला उतार असेल असं धरून चालते. आई ठीक आहे. गेले तीन महिने ती मला फक्त ‘जेवलीस का’ एवढंच विचारते, आणि उत्तरासाठी थांबत नाही.

बातमी अशी, की बुधवारी शहरभर नळाला खारं पाणी आलं. आमच्या मुख्य अभियंत्यांनी चहाचा घोट घेऊन चहावाल्याकडे पाहिलं, चहावाल्यानं माझ्याकडे.

“तुरटी जास्त पडली का हो बाई?”

“तुरटीनं तुरट होतं, साहेब. हे खारट आहे.”

षड्रसांतले दोन त्यांना वेगळे ओळखता येत नाहीत, पण सही त्यांचीच चालते.

फेब्रुवारीत तुम्ही मोठ्या भरतीला पंप सहा तास बंद ठेवलेत, शहर बोंबललं आणि तपासणी माझ्याकडे आली. मी धक्क्यावरून बादली सोडली. पाणी गोडं निघालं. अहवालात लिहिलं: ‘खारेपणा आढळला नाही. पंप विनाकारण बंद.’ चाळीस वर्षं पंप चालवलेल्या माणसाला त्या दोन वाक्यांवर घरी बसवलं. नव्या चालकाला भरतीतही पंप चालू ठेवायचा लेखी हुकूम मिळाला, तोही माझ्याच अहवालाच्या आधारानं. त्या बिचाऱ्याचा दोष नाही.

समुद्राच्या लिटरभर पाण्यात पस्तीसेक ग्रॅम क्षार, नदीच्या पाण्यात चिमूटभरसुद्धा नाही. त्यामुळे समुद्र जड. उन्हाळ्यात नदीचा जोर ओसरला की भरतीला तो तिच्या खालून सरपटत आत येतो, आणि ती त्याच्या डोक्यावरून निवांत वाहत राहते. आपल्या पंपाचं तोंड तळाशी. एकदा आत आलेलं मीठ आमच्या गाळण्यांना आणि क्लोरिनला भीक घालत नाही. हे सगळं परीक्षेत लिहून मी गुण मिळवले आहेत.

गुरुवारी भरतीच्या वेळी पंपघरात गेले. तुमची बाटली दारामागे टांगलेलीच होती, बुडाला दगड, बुचाला वेगळी दोरी. तळापर्यंत सोडली, बूच ओढलं. वरचं पाणी गोडं; तळाचं लिटरला अकरा ग्रॅम. आकडा येण्याआधीच मला कळलं होतं, कारण मी ते चाखलं. नैयायिक याला प्रत्यक्ष प्रमाण म्हणतात. तुम्ही नुसतं ‘थू’ म्हणायचात.

आता जे इतका वेळ टाळलं ते. त्या दिवशी धक्क्यावर तुम्ही म्हणालात, “पंडितीणबाई, वरचं नको, तळाचं काढा.” मी सगळ्यांसमोर म्हटलं, “मामा, जीभ म्हणजे प्रयोगशाळा नव्हे.” लोक हसले. मलाही वाक्य बरं जमलं असं वाटलं.

पण तुमचं खरं असेल अशी शंका मला तिथेच आली होती, मामा. बाटली सोडणं दहा मिनिटांचं काम. नवी बढती होती. भाचीनं मामाला वाचवलं, असं लोक म्हणतील ही भीती होती. म्हणून मी निःपक्षपाती झाले, इतकी की तपासायचंच सोडून दिलं.

आज सकाळी नवा अहवाल दिला. पहिला चुकीचा होता, नमुना चुकीच्या जागी घेतला होता, पंप बंद ठेवणं योग्यच होतं.

साहेब म्हणाले, “जरा मवाळ लिहा. ‘त्रुटी राहून गेली’ म्हणा.”

“राहून गेली नाही, साहेब. मी केली.”

त्यांनी पंखा एक घर वाढवला आणि अहवाल ठेवून घेतला.

सोमवारी अकराला या दोन्ही अहवालांवर सुनावणी आहे. रागावून आलात तरी चालेल, पण या. नाही आलात तरी मी बोलायचं ते बोलणारच. आणि कालपासून भरतीला पंप बंद असतो. त्या हुकमासाठी मी साहेबांच्या दारात दोन तास बसले.

तुमची
भाची

ता. क. सहीखाली पद लिहिलेलं नाही. सोमवारनंतर ते राहील की नाही ते साहेब ठरवतील. भाची राहील की नाही, ते तुम्ही.