आबांच्या औषधाचा रिपोर्ट

आबा, तुम्हाला जाऊन बारा वर्षं झाली आणि आज तुमच्यावर राग काढायला कागद घेऊन बसलेय. राग तुमच्यावर आहे की माझ्यावर, हेच कळेनासं झालंय.

सुजेवर तुम्ही द्यायचात त्या मुळीची पूड आम्ही काटेवाडीच्या बायका पाकिटं भरून विकतो. पाकिटावर नाव लागतं, म्हणून मी पुस्तकातलं चित्र बघून ‘पुनर्नवा’ छापून घेतलं. पुण्याच्या एका औषधवाल्यानं माल घेण्याआधी पूड डीएनए तपासणीला पाठवली. परवा रिपोर्ट आला. ही पुनर्नवा नाहीच म्हणे. तशीच जमिनीवर पसरणारी, भलतीच वनस्पती. प्रयोगशाळेतल्या मुलीला विचारलं, चूक होऊ शकते का? ती म्हणाली, “मॅडम, दोनदा केलंय.” बारामतीचे वैद्य तर रिपोर्ट बघून गंभीरच झाले. ही रोज पोटात घ्यायची गोष्ट नाही, म्हणाले.

पण तुम्ही नाव सांगितलंच कुठं होतं? मी दहा वर्षांची. मेंढरं विकून झालीत, तरी तुमचं पहाटे उठणं सुटलेलं नाही. उसाच्या बांधावर तुम्ही उकिडवे बसलाय. मुळी उपटता, नखानं खरवडून जिभेला लावता, एखादी फेकून देता. मी विचारते, “आबा, हिचं नाव काय?” तुम्ही वळूनही बघत नाही. “नाव घ्यायचं न्हाय. नाव घेतलं की गुण जातो. हाताला वळखू दे.” मग फेकलेल्या मुळ्या कसल्या, तेही मी विचारलं नाही. तुम्ही गेल्यावर मी बांधावरच्या सगळ्याच मुळ्या वाळवल्या आणि दळल्या.

डाळजची आत्या दोन वर्षं पायाच्या सुजेवर हीच पूड घेतेय. रिपोर्ट आला त्याच दिवशी तिला फोन केला, आजपासून बंद कर म्हणून. ती उखडलीच. “माज्या दादाचं औषाद हाय ते. तुजा कागद काय सांगतोय मला?” मग आवाज खाली आणून म्हणाली, “दादाचंच हाय न्हवं गं?” मी दवाखान्याचं बोलायला लागले. उद्या तिला भिगवणच्या दवाखान्यात नेऊन रक्त तपासून आणणार आहे.

तुमचा बटवा माझ्याकडं आहे. त्याच्या शिवणीत तुमच्या हातची चिमूटभर पूड अडकलेली काल सापडली. एवढ्यावरही तपासणी होईल, असं प्रयोगशाळेतली ती मुलगी म्हणते. यातही तीच वनस्पती निघाली, तर जन्मभर तुम्हीच लोकांना चुकीचं देत आलात. वेगळी निघाली, तर तुमचं औषध खरं होतं आणि आत्याच्या पोटात नको ते मी घातलं. सकाळपासून तपासणीला पाठवायची पुडी बांधते आणि सोडते. तुमच्या शब्दावर अख्खा गाव डोळे मिटून औषध घ्यायचा, त्याचा मला केवढा अभिमान होता.

हे पत्र काही कुठं जायचं नाही, म्हणून लिहिते. आबा, चुकलेले तुम्हीच निघावेत, असं मला वाटतंय.